वाकड्या पंखांची झुरळं

फवारणीनंतर सकाळी ओट्याखाली किती झुरळं उताणी पडली, यावरच बहुतेक घरांत औषधाची परीक्षा होते. हायड्रोप्रीन किंवा पायरीप्रॉक्सिफेन ही औषधं या परीक्षेत सपशेल नापास होतील. ती झुरळाला मारत नाहीत, त्याचा वंश खुंटवतात.

ट्रॉलीच्या बिजागरीत दडणारं छोटं, मानेवर दोन काळे पट्टे असलेलं जर्मन झुरळ सहा-सात वेळा कात टाकून मोठं होतं. अंगात ज्युव्हेनाइल हार्मोन आहे तोवर ते पिल्लूच राहतं. शेवटच्या कातेआधी हे हार्मोन ओसरलं की पंख फुटतात, प्रजननक्षमता येते. नेमक्या त्या वेळी या हार्मोनची नक्कल, म्हणजे ही औषधं, शरीरात शिरली, की बाहेर पडणाऱ्या झुरळाचे पंख मुरगळलेले असतात आणि ते बहुधा वांझ निघतं.

या औषधांच्या मागे एक गंमत आहे. १९६०च्या दशकात कीटकशास्त्रज्ञ कारेल स्लामा प्रागहून हार्वर्डला संशोधक कॅरोल विल्यम्स यांच्याकडे गेले. सोबत नेलेले लाल किडे तिथे काही केल्या प्रौढ होईनात. दोष निघाला बरणीत घातलेल्या कागदाचा! ‘न्यूयॉर्क टाइम्स’च्या कागदावर किडे पिल्लावस्थेतच अडकायचे, लंडनच्या ‘टाइम्स’वर सुखाने वाढायचे. अमेरिकी कागदाच्या लगद्यात बाल्सम फर हे झाड होतं आणि त्यात हार्मोनसारखं द्रव्य. झुरळांना मात्र त्याचा काही फरक पडेना; त्यांच्यासाठी प्रयोगशाळेत वेगळे रेणू घडवावे लागले.

अशा औषधाची चाचणीही म्हणून वेगळी. शेवटच्या कातेला आलेली पिल्लं औषध लावलेल्या फरशीवर ठेवायची, मोठी झाली की पंख बघायचे, मग निरोगी जोडीदार देऊन वाट पाहायची. मादी तीस-चाळीस अंड्यांची कुपी पोटाशी वागवते; तिच्यातून पिल्लं निघतात की नाही, हा खरा निकाल. घरात हेच चिकट सापळे लावून महिनोन्महिने मोजतात. सुरुवातीला आकडा वाढलेलाही दिसतो, कारण आधीच प्रौढ झालेल्या माद्यांची वीण चालूच असते. एवढा धीर कुठल्या गिऱ्हाइकाला? त्यामुळे जोडीला विषारी जेल देतात: मोठ्यांना जेल, पुढच्या पिढीला हे.

पेस्ट कंट्रोलवाल्याने असलं औषध वापरलं असेल, तर पंधरा दिवसांत भांडायला जाऊ नका. दोन-तीन महिन्यांनी सापळ्यात पिल्लं कमी आणि वाकड्या पंखांची झुरळं जास्त दिसतात का, ते बघा. तसं नसेल, तर मात्र खुशाल भांडा.