चांगला मॅनेजर कोणाला म्हणावे?



हंगाम तोंडावर आला की वळसंग आणि आसपासच्या गावांत पारावर, हॉटेलात, बाजारात एकच चर्चा ऐकू येते. "यंदा टोळी कधी येणार? काटा बरोबर आहे का? बिल वेळेवर मिळेल ना?" या सगळ्या प्रश्नांच्या मुळाशी एक प्रश्न असतो, पण तो कोणी उघड विचारत नाही. कारखाना चालवणारी माणसे कशी आहेत?

संचालक मंडळ आपण मत देऊन निवडतो, त्याची चर्चाही भरपूर होते. पण गव्हाणीत पहाटे तीन वाजता ऊस पडतो की नाही, हे संचालक पाहात नसतात. ते पाहतो शिफ्टचा इंजिनियर, केन यार्डचा सुपरवायझर, शेतकी अधिकारी, आणि या सर्वांच्या वर कार्यकारी संचालक. या प्रत्येकाच्या हाताखाली माणसे आहेत, म्हणजे प्रत्येक जण आपापल्या जागी मॅनेजरच आहे. अशा माणसाच्या अंगी कोणते गुण असावेत याचा आम्ही येथे थोडा विचार करणार आहोत.

गुणांचा आणि उसाच्या दराचा संबंध

कोणी म्हणेल, मॅनेजर कसा का असेना, आम्हाला दर मिळाल्याशी कारण. पण दर येतो कुठून? उसाचा दर उताऱ्याशी बांधलेला आहे आणि उतारा नुसता शेतात ठरत नाही. तोडलेला ऊस चोवीस तासांच्या आत गाळला गेला पाहिजे. तो उन्हात पडून राहिला की वजन घटते, आणि आतल्या साखरेचे रूपांतर अशा साखरेत होते की जिचे दाणेच बनत नाहीत. ती मळीत निघून जाते.

साधा हिशेब करू. रोज २५०० टन गाळणारा कारखाना धरा. नुसत्या हलगर्जीपणाने उतारा ०.१० ने घसरला, तर दिवसाला अडीच टन, म्हणजे २५ क्विंटल साखर गेली. १२० दिवसांच्या हंगामात ही ३००० क्विंटल होते. क्विंटलला साडेतीन हजार रुपये धरले तर एक कोटी पाच लाख रुपये झाले! यात चोरी नाही, लबाडी नाही. फक्त टोळी, वाहन आणि मिल यांचा मेळ कोणी घातला नाही. हा मेळ घालणे हेच मॅनेजरचे काम.

उंटावरून शेळ्या हाकणारा नको

पहिला गुण म्हणजे जागेवर जाणे. ऑफिसात रिपोर्ट येतो, "मिल दोन तास बंद, कारण ऊस नाही." वाचणारा म्हणतो, शेतकी खात्याचा दोष. पण तोच माणूस यार्डात गेला तर वेगळेच दिसते. गाड्या उभ्या असतात, पण एक ट्रॉली उलटून रस्ता अडलेला असतो आणि क्रेनचा ड्रायव्हर पाळी बदलायची म्हणून निघून गेलेला असतो. आता दोष शेतकी खात्याचाही नाही आणि इंजिनियरिंगचाही नाही. दोन पाळ्यांच्या सांध्यात काम पडले, इतकेच. पाळी संपली म्हणून माणूस घरी जातो, पण पाळीचे काम पुढच्याच्या हाती देऊन गेला का, हे बघणारा कोणी तरी लागतो.

जागेवर जाणे म्हणजे मात्र चुका पकडत फिरणे नव्हे. साहेब आले की सगळे गप्प होतात, हातातले काम सोडून उभे राहतात, असे होत असेल तर त्या फेरीचा उपयोग नाही. चांगला माणूस फिटरजवळ उभा राहून विचारतो, "काय अडलंय? तुला काय पाहिजे?" आणि मग ते मिळवून देतो. पुढच्या खेपेला फिटर आपण होऊन सांगतो.

वाईट बातमी सांगणाऱ्याला जपणारा

मिलच्या बेअरिंगचा आवाज बदलला हे सगळ्यांत आधी कळते ते तिथे तेल घालणाऱ्या कामगाराला. त्याने सांगितले आणि साहेब खेकसले, "तुला काय कळतं? गाळप थांबवायला निघालाय!", तर तो पुन्हा सांगायला येणार नाही. मग रात्री बेअरिंग जळते आणि अर्ध्या तासाच्या कामाला आठ तास लागतात. रोज २५०० टनांच्या कारखान्यात एक तास मिल बंद म्हणजे शंभरावर टन ऊस यार्डात वाळत पडतो.

जपानात टोयोटा मोटारींच्या कारखान्यात यावर एक सोपी युक्ती केलेली आहे. कामगारांच्या डोक्यावरून एक दोरी नेलेली असते. कामात दोष दिसला की कोणताही कामगार ती ओढतो. त्याबरोबर त्याचा नायक धावत येतो, आणि ठरलेल्या वेळात दोष निघाला नाही तर सगळी रांग थांबते. दोरी ओढणाऱ्याला शिक्षा नाही. आपल्याकडे दोरी बांधायची गरज नाही. पण "साहेब, जरा बघता का" असे म्हणणाऱ्या माणसाला आपल्या कारखान्यात मान आहे की नाही, हे मात्र तपासले पाहिजे.

जॉबरची गोष्ट

आपल्या भागातली अनेक घरे एके काळी सोलापूरच्या गिरण्यांवर जगली. १८७७ साली सुरू झालेली जुनी गिरणी आणि मागाहून निघालेल्या गिरण्या यांत काम मिळायचे ते जॉबरमार्फत. जॉबर म्हणजे मूळचा कामगारच, मागावरचा तरबेज. पण कामावर घेणे, काढणे, रजा देणे हे सारे त्याच्या हाती गेले. कामगाराला नोकरीसाठी आणि नोकरी टिकवण्यासाठीही दस्तुरी मोजावी लागे. १९२९ साली नेमलेल्या आणि १९३१ साली अहवाल देणाऱ्या रॉयल कमिशनने या पद्धतीवर टीका केली. भरतीचे काम जॉबरकडून काढून घ्यावे आणि त्यासाठी लेबर ऑफिसर नेमावेत, अशी शिफारस केली. पुढे १९४८ च्या फॅक्टरी कायद्याने पाचशे किंवा अधिक कामगार असलेल्या कारखान्यात वेल्फेअर ऑफिसर नेमणे सक्तीचे केले.

जॉबर एवढा मोठा का झाला, हे समजून घेण्यासारखे आहे. वरच्या साहेबाला कामगाराची भाषा येत नव्हती आणि त्याच्या अडचणी ऐकायला सवडही नव्हती. सोलापुरात तर मराठी, कानडी, तेलुगू अशा तिन्ही भाषा बोलणारी माणसे एका छपराखाली राबत होती. साहेब आणि कामगार यांच्यामध्ये मोकळी जागा राहिली, आणि ती जॉबरने भरली.

हे जुने म्हणून सोडून देऊ नये. तोडणीच्या टोळीत आजही उचल मुकादमामार्फत जाते. मराठवाड्यातून आलेल्या नवरा-बायकोचे मिळून एक कोयता धरले जाते. त्यांच्या हातात किती पडले, फडावर प्यायला पाणी आहे का, बाईला आडोसा आहे का, पोरे शाळेत जातात की पाचटातच बसतात, हे कारखान्याच्या माणसाने स्वतः पाहिले नाही, तर तिथेही मधला माणूसच मालक होतो. जो शेतकी अधिकारी फडावर उतरून कोयत्याशी बोलतो, त्याच्या टोळ्या मधेच पळून जाण्याची भीती कमी.

सगळ्यांना एकच माप

माणसाला कष्टाचे फारसे वाटत नाही, पण अन्याय झालेला सहन होत नाही. एकाच दिवशी लागण नोंदवलेल्या दोन शेतकऱ्यांपैकी एकाचा ऊस जानेवारीत जातो आणि दुसऱ्याच्या उसाला मार्चमध्ये तुरे फुटून जातात, तेव्हा त्याला वजनात आलेल्या घटीपेक्षा अपमान जास्त लागतो. म्हणून क्रमवारी पाळणे हा मॅनेजरचा सगळ्यांत कठीण गुण. कठीण अशासाठी, की ती मोडायला सांगणारे नेहमी मोठेच असतात.

ही गोष्ट कारखान्याच्या आतही लागू आहे. रात्रपाळी कोणाला किती, जादा काम कोणाला, गड्ड्याच्या यात्रेत संक्रांतीला सुटी कोणाला? सगळ्यांनाच नंदीध्वज बघायचा असतो आणि गाळप तर ऐन भरात असते. शहाणा अधिकारी महिनाभर आधी यादी लावतो. गेल्या वर्षी ज्याने यात्रा सोडली, त्याला यंदा पहिली सुटी देतो. यादी भिंतीवर लावली की भांडणे निम्मी होतात.

समानतेचा धडा आपल्या वळसंगला बाहेरून आणायला नको. ज्यांना सार्वजनिक पाणवठ्यावर पाणी भरू दिले जात नव्हते, त्यांच्या इथल्या विहिरीचे उद्घाटन १९३७ साली डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या हस्ते झाले. कामाच्या जागी पाण्याचा माठ, जेवणाची जागा आणि बोलण्याची भाषा सगळ्यांसाठी एकच आहे का, हे पाहणारा अधिकारीच या गावाचे नाव राखील.

काम सोपवणारा आणि माणूस घडवणारा

काही साहेब फार कष्टाळू असतात. प्रत्येक कागदावर त्यांचीच सही लागते आणि प्रत्येक नटबोल्ट त्यांना विचारून घ्यावा लागतो. ते आजारी पडले की कारखाना आजारी पडतो. हा गुण नव्हे. कोणत्या रकमेपर्यंतचा सुटा भाग स्टोअरकीपरने विचारल्याशिवाय द्यावा, मिल कोणी थांबवावी, हे एकदा ठरवून द्यावे. मग त्याने घेतलेल्या निर्णयामागे उभे राहावे.

याचे मोठे उदाहरण सहकारी साखर कारखानदारीच्या आरंभीच आहे. १९५० मध्ये प्रवरेला कारखाना सुरू झाला तेव्हा अध्यक्ष होते पुण्याच्या गोखले अर्थशास्त्र संस्थेचे धनंजयराव गाडगीळ, आणि त्यांच्या बरोबर होते विठ्ठलराव विखे पाटील. एक जण नामांकित अर्थतज्ज्ञ. दुसरे शाळा फार न शिकलेले, पण गावोगाव हिंडून शेतकऱ्यांचे भागभांडवल जमवलेले. गाडगिळांनी बांधावर जाऊन विख्यांचे काम करायचा प्रयत्न केला नाही, आणि हिशेबाची शिस्त जाचक म्हणून विख्यांनी ती झुगारली नाही. ज्याचे जे बळ, ते काम त्याच्याकडे, असा तो मेळ होता. आपल्याच जिल्ह्यात माळीनगरला सासवडच्या माळी बागायतदारांनी १९३२ मध्ये साखर कारखाना उभारला. शेतकऱ्याला कारखाना चालवता येतो हे तिथेच दिसून आले होते. मात्र शेतकरी मालक असला तरी मशिनरीला मशिनरीचा जाणकारच लागतो.

माणूस घडवायला हंगामाबाहेरचे महिने उपयोगी पडतात. ओव्हरहॉलिंग चालू असताना नव्या पोराला टर्बाइन उघडून दाखवणे, चिटबॉयला मांजरीच्या वसंतदादा शुगर इन्स्टिट्यूटमध्ये शिकायला पाठवणे यात खर्च होतो. पण एकाच म्हाताऱ्या पॅनमनच्या बोटांत सगळी विद्या राहिली तर तो निवृत्त झाल्यावर काय? आपले काम दुसऱ्याला शिकवताना ज्याला भीती वाटत नाही, तोच खरा वरिष्ठ.

सभासदांनी काय विचारावे

हे गुण ओळखायला इंजिनियर असावे लागत नाही. वार्षिक सभेत उठून चार प्रश्न विचारावेत. हंगामात मिल किती तास बंद राहिली आणि कोणत्या कारणाने? तोडणीची क्रमवारी गट ऑफिसात लावली होती का? कायद्याने ऊस दिल्यापासून चौदा दिवसांत पैसे द्यायचे असतात, ते किती जणांना मिळाले? कामगारांचे अपघात किती झाले आणि त्यानंतर काय सुधारले? ज्याचे काम नीट आहे तो आकडे सांगतो. ज्याचे नाही तो पावसाला, सरकारला आणि शेजारच्या कारखान्याला दोष देतो. नाचता येईना, अंगण वाकडे!

आणि शेवटी एक गोष्ट आपल्यालाच. चांगला मॅनेजर बिघडतो तो पुष्कळदा आपल्याच फोनमुळे. "माझा फड आधी तोडा", "पुतण्याला चिकटवून घ्या", "काट्यावर जरा बघा." असे दहा फोन त्याने नाकारले की अकरावा फोन त्याच्या बदलीसाठी जातो. मग पुढचा येणारा शहाणा होऊन येतो आणि कोणालाच नाही म्हणत नाही. जो अधिकारी आपल्याला तोंडावर नियम दाखवतो, तो आपल्या शेजाऱ्यालाही तोच नियम दाखवत असेल, तर त्याचा राग धरू नये. तो आपल्याच उसाची राखण करीत आहे. अशा माणसाच्या पाठीशी उभे राहणे, हे भाग घेतलेल्या प्रत्येक सभासदाचे काम आहे.