१२ जानेवारी : एकाच दिवशी पाळणा आणि पुण्यस्मरण

३ जानेवारीच्या सावित्रीबाईंच्या जयंतीपासून १२ जानेवारीच्या जिजाऊ जयंतीपर्यंत आपल्या बचत गटांत कार्यक्रमांची लगबग असते. आज त्या १२ तारखेविषयी बोलू या. गावात एकाच दिवशी एका घरी बारसं असतं, तर दुसऱ्या घरी वर्षश्राद्ध. इतिहासातल्या तारखांचंही तसंच आहे.

पहिली गोष्ट आपल्याच जिल्ह्यातली. सिंदखेडराजाला लखुजी जाधवराव आणि म्हाळसाबाईंच्या पोटी जिजाऊ जन्मल्या. तो दिवस पौष पौर्णिमा, १२ जानेवारी १५९८ मानतात. तिथी दरवर्षी मागेपुढे होते, म्हणून कुठे तिथीने तर कुठे तारखेने जयंती होते. जन्म एकच. या दिवशी आपण पाळणा म्हणतो, पण पाळण्यानंतरचं काम सांगायचं राहून जातं. १६२९ साली त्यांचे वडील निजामशहाच्या दरबारात दगाफटक्याने मारले गेले. ते दुःख पचवून जिजाऊंनी उजाड झालेलं पुणे पुन्हा वसवलं. १६६६ साली शिवराय आग्र्याला गेले, तेव्हा मागे राज्याचा कारभार त्यांनी सांभाळला.

दुसरी गोष्ट सोलापूरची. मे १९३० मध्ये गांधीजींना अटक झाली आणि सोलापूर पेटून उठलं. ८ मे रोजी पोलिसांनी लोकांवर गोळीबार केला. त्यानंतर काही दिवस शहरात इंग्रजांचा अंमल उरलाच नाही. सरकारने लष्करी कायदा लावला. पोलिसांच्या हत्येचा आरोप ठेवून मल्लप्पा धनशेट्टी, कुर्बान हुसेन, श्रीकिसन सारडा आणि जगन्नाथ शिंदे या चौघांना १२ जानेवारी १९३१ रोजी येरवड्याच्या तुरुंगात फाशी दिली. नावं नीट ऐका. जात, धर्म वेगळे, पण शेवट एकाच दिवशी, एकाच कारणासाठी. सोलापुरात त्यांचे पुतळे आहेत. आपल्याकडे मात्र जयंतीच्या गर्दीत ही नावं क्वचितच कानावर येतात.

तिसरी गोष्ट समुद्रापलीकडची. आफ्रिकेच्या किनाऱ्याजवळ झांझिबार बेट आहे, लवंगांसाठी नावाजलेलं. १२ जानेवारी १९६४ रोजी तिथे सुलतानाची सत्ता उलथवली गेली. आज तिथे या दिवशी सुट्टी असते. पण त्या उठावात हजारो माणसं मारली गेली. म्हणजे कुणाचा तो उत्सव, तर कुणाच्या घरचं दुःख.

स्वामी विवेकानंदांचा जन्मही १२ जानेवारीचाच, १८६३ सालचा. म्हणून शाळेत या दिवशी युवा दिन साजरा होतो.

तारखा अशा जुळतात तो योगायोग. पण त्यातलं काय लक्षात ठेवायचं, हे आपल्या हातात असतं. जे घराघरांत सांगितलं जातं तेच टिकतं, आणि घरात गोष्टी सांगणाऱ्या बहुतेक आपणच असतो.

तेव्हा मैत्रिणींनो, यंदा जयंतीच्या कार्यक्रमात दहा मिनिटं बाजूला काढा. आधी पाळणा म्हणा, मग जिजाऊंचा कारभार सांगा आणि शेवटी सोलापूरच्या चौघांची नावं एखाद्या मुलीला मोठ्याने वाचायला लावा. कार्यक्रमाची नोंद गटाच्या इतिवृत्त वहीत करा, तारीख आणि सालासकट. उद्या आपल्या नातींना आपणही त्या वहीतूनच कळणार आहोत.