मोरबे: पाणी नवं, कातळ जुना

नवी मुंबई महापालिकेच्या नळांना मुख्यतः खालापूर तालुक्यातल्या मोरबे जलाशयाचं पाणी येतं. माथेरान आणि इर्शाळगडाच्या पायथ्याशी पसरलेल्या या पाण्याभोवतीच्या डोंगरझाडीविषयी बरेच समज ऐकू येतात. पाणी, खडक आणि झाडं यांची वयं आणि वेळापत्रकं वेगवेगळी आहेत, हे लक्षात घेतलं की त्यातले बहुतेक गळून पडतात.

गैरसमज: हे डोंगरातलं नैसर्गिक तळं आहे.
वस्तुस्थिती: धावरी नदी अडवून हा जलाशय तयार केला आहे. पाण्याची पातळी 88 मीटरला पोहोचली की धरण भरलं असं मानतात.

गैरसमज: इर्शाळगडाचा सुळका म्हणजे विझलेल्या ज्वालामुखीचं तोंड.
वस्तुस्थिती: सुमारे 6 कोटी 60 लाख वर्षांपूर्वी जमिनीला पडलेल्या लांबलचक भेगांतून लाव्हा वाहिला आणि थरावर थर साचत गेले. घट्ट थरांचे उभे कडे झाले, मऊ थर झिजून त्यांचे उतार बनले. सुळका हा या झिजेतून उरलेला भाग. त्यातलं आरपार नेढंही झिजेचंच काम.

गैरसमज: माथेरानची माती लाव्ह्याने भाजून लाल झाली.
वस्तुस्थिती: तो जांभा आहे. उष्ण हवेत, धो धो पावसात काळ्या खडकातली सिलिका हळूहळू वाहून जाते. लोह आणि ॲल्युमिनियम मागे उरतात. लाल रंग त्या गंजलेल्या लोहाचा.

गैरसमज: फेब्रुवारी-मार्चमध्ये निष्पर्ण झालेली झाडं वाळलेली असतात.
वस्तुस्थिती: हे पानझडी जंगल आहे. पानं गाळून झाड पाणी वाचवतं. काटेसावर, पांगारा, पळस नेमके याच दिवसांत फुलतात. पानांचा आडोसा नसल्याने मैना-बुलबुलांना फुलं लांबून दिसतात.

गैरसमज: कारवी म्हणजे माजलेलं रान, दर पावसाळ्यात फुलणारं.
वस्तुस्थिती: कारवी साधारण सात-आठ वर्षांनी एकदाच, सगळी मिळून फुलते, बी धरून मरते. तिची दाट मुळं उतारावरची माती धरतात, तिच्या काठ्यांनी आदिवासी घरांचे कूड विणले जातात. फुलोऱ्याच्या वर्षी झुडपं ओरबाडली, तर पुढच्या पिढीचं बीच जातं.

गैरसमज: डोंगर कातळाचा, वर झाडी, मग दरड कशी कोसळेल?
वस्तुस्थिती: कातळ टणक असला तरी त्याच्यावर माती, मुरूम आणि सुट्या दगडांचा थर असतो. मुळांची पकड वरवरची. सलग मुसळधार पावसात हा थर पाण्याने जड होतो, त्याची पकड सुटते आणि तो एकदम घसरतो. 19 जुलै 2023च्या रात्री इर्शाळगडाच्या उतारावरची इर्शाळवाडी अशीच दरडीखाली गेली. उतारावर नव्या भेगा पडल्या, झाडं कलली किंवा झऱ्याचं पाणी एकाएकी गढूळ झालं, तर पाऊस थांबायची वाट न बघता तिथून निघायचं.