ओवी जात्यावरून संग्रहात कशी येते

जात्यावरची ओवी कागदावर क्वचितच उतरायची. दळण संपलं की तीही संपायची. तरीही आज एक लाखाहून अधिक ओव्या आपल्याला वाचायला मिळतात, आणि त्या म्हणणाऱ्या तीन हजारांहून अधिक बायकांची नावंही. या बाया महाराष्ट्रातल्या हजारावर गावांतल्या. हेमा राईरकर आणि गी पॉइटवाँ यांनी पुण्यातून हे काम उभं केलं. मुळशीसारख्या डोंगरी भागात गरीब डोंगरी संघटनेशी जोडलेल्या गावोगावच्या बायाच ओव्या गोळा करायला पुढे आल्या. २०१७पासून हा संग्रह ‘पारी’ या ग्रामीण भारताच्या संग्रहातून लोकांसमोर येतो आहे.

आपल्या गावात असं काही करायचं असेल, तर सुरुवात ओळखीच्या घरातून करा. अनोळखी माणूस रेकॉर्डर घेऊन आला की बाया हसतात, ‘आम्हाला काय येतंय’ म्हणतात आणि गप्प होतात. गावातलीच एखादी बाई सोबत असली, की तीच पहिली ओवी म्हणते आणि दुसरीचा संकोच जातो.

मग जातं शोधा. गिरणी आल्यापासून ते बहुतेक घरांत कोपऱ्यात पडलेलं असतं. पण जात्यावर बसलं की ओवी सुचते, ही म्हण शब्दशः खरी आहे. खुंट्याला हात लागला, घास घातला आणि जातं फिरू लागलं, की विसरलेल्या ओळी परत येतात. खुर्चीवर बसवून ‘एक म्हणा’ म्हटलं, तर बरेचदा दोनच ओव्या मिळतात.

ध्वनिमुद्रण करताना जात्याची घरघर अडचण मानू नका. त्या लयीवरच ओवी चालते. फक्त रेकॉर्डर दगडापासून थोडा दूर ठेवा, नाहीतर घरघरीत शब्द बुडतात. १९९०च्या दशकात बर्नार्ड बेल यांनी राईरकर आणि पॉइटवाँ यांच्या कामासाठी केलेलं मुद्रण सुमारे १२० तासांचं आहे. शब्द कागदावर आधीही उतरले होते, पण गळ्याचा चढउतार आणि मागून साथ देणाऱ्या बाईचा आवाज त्यात कुठून येणार?

पुढची पायरी लेखनाची, आणि सगळ्यात जास्त नुकसान इथेच होतं. शिकलेला माणूस लिहायला बसला की नकळत ‘शुद्ध’ करतो. ‘व्हतं’चं ‘होतं’ होतं, मधेच येणारं ‘बाई’ किंवा ‘सांगते’ अनावश्यक वाटून गळतं. ते अनावश्यक नसतं. त्याने चाल भरते. जसं ऐकलं तसं लिहा. अर्थ लागला नाही, तर अंदाजाने शब्द भरू नका. म्हणणाऱ्या बाईलाच विचारा.

प्रत्येक ओवीसोबत संदर्भनोंद हवी, म्हणजे ती कुणी, कुठे, कधी म्हटली याची माहिती. बाईचं नाव, गाव, तालुका, तारीख. नाव विचारलं की घरातले पुरुष ‘अमक्याची बायको’ असं सांगतात, ते तसंच उतरवू नका. तिचं नाव तिच्याच तोंडून घ्या. ‘पारंपरिक’ एवढंच लिहून मोकळं होणं मला अन्यायाचं वाटतं. ओवीचा साचा परंपरेने आलेला असतो, पण भावाची वाट बघणारी ती ओळ या बाईने आपल्या घरावरून बसवलेली असू शकते. पुस्तकावर कवीचं नाव असतं, मग ओवीखाली हिचं का नको?

विषयवार लावणी नंतर करा. माहेर, भाऊ, लेक, सीता, विठ्ठल, बाबासाहेब आंबेडकर अशी दालनं आपोआप पडत जातात. आधीच कप्पे ठरवले, तर न बसणारी ओवी मागे राहते, आणि बरेचदा तीच सगळ्यात वेगळी असते. एखादी ओवी दोन ठिकाणी बसत असेल, तर दोन्हीकडे नोंदवा.

मुद्रणाच्या दोन-तीन प्रती वेगवेगळ्या ठिकाणी ठेवा. एका फोनवरचं काम फोनबरोबर जातं.

ओवी बाहेर कुणाला ऐकवायची असेल, तर ती म्हणणाऱ्या बाईची परवानगी घ्या. सासरच्या जाचाबद्दलची एखादी ओवी तिला गावात ऐकवायची नसेल. ती ‘नको’ म्हणाली, तर बाजूला ठेवा.

आणि मुद्रण घेऊन एकदा त्या घरी परत जा. सगळ्या जणींना बसवून ऐकवा, चुका विचारा. जाताना रेकॉर्डर सोबत न्या, कारण ऐकता ऐकता शेजारची म्हातारी म्हणते, ‘माझी याच्या पुढची आहे,’ आणि सुरू करते.