मुंबई न पाहिलेली ‘बॉम्बे’

व्हायव्हाच्या सकाळी हॉस्टेलच्या जिन्यात काळी मांजर आडवी गेली की आपले भावी इंजिनिअर चक्क पावलं मागे घेतात!

पण ह्याच काळ्या रंगासाठी कुणी वर्षानुवर्षं खटपट केली, माहीत आहे? अमेरिकेत केंटकी राज्यातल्या निकी हॉर्नर ह्या बाईंनी १९५० च्या दशकात गडद तपकिरी बर्मीज आणि काळ्या अमेरिकन शॉर्टहेअर मांजरांचा संकर सुरू केला. त्यांना हवा होता भारतातला काळा बिबट्या, पण घरात मावणारा. म्हणून नाव ठेवलं ‘बॉम्बे’! १९७६ मध्ये कॅट फॅन्सिअर्स असोसिएशनने ह्या जातीला चॅम्पियनशिप स्पर्धांसाठी मान्यता दिली.

बॉम्बेचे केस आखूड, तुळतुळीत, मुळापर्यंत काळे, डोळे तांब्यासारखे. स्वभाव एकदम लाघवी. एकटं राहणं हिला जमत नाही, ऊब आणि मांडी लागते. आठवड्यातून एकदा ब्रश फिरवला की झालं.

आपली जिन्यातली काळी अर्थात गावरान. पण पथ्यं तीच. मोठ्या मांजरांना बहुधा दूध पचत नाही. जालन्याच्या उन्हात वाटीभर पाणी ठेवा. कांदा-लसणाची भाजी देऊ नका. पॅरासिटामॉल तर नाहीच, एक गोळीसुद्धा जीव घेऊ शकते.

मागच्या सेमिस्टरला पेपरला जाताना एकाने तिला दगड मारला. ती अजून लंगडते. आणि त्याचा एम-थ्री? तो काही निघाला नाही!