यादीत नाव येईपर्यंत

वैद्यकीय प्रवेशाच्या पहिल्या फेरीत नाव लागले नाही, की आमच्या विद्यार्थ्यांच्या घरी सुतक पडल्यासारखी शांतता पसरते. वास्तविक तो अंतिम निकाल नव्हे. शासकीय महाविद्यालयांतील १५ टक्के जागा अखिल भारतीय कोट्यातून भरतात, तर उरलेल्या ८५ टक्के जागा राज्य सामाईक प्रवेश परीक्षा कक्ष फेरीफेरीने भरतो. वरच्या क्रमांकाचे विद्यार्थी अन्यत्र गेले की रिक्त जागा खालच्या क्रमांकांकडे येतात.

म्हणून या काळात जात वैधता प्रमाणपत्र व मूळ कागदपत्रे सिद्ध ठेवावीत, प्रत्येक फेरीचे नियम स्वतः वाचावेत आणि पैसे घेऊन जागा देऊ म्हणणाऱ्या दलालास उंबरठ्याबाहेरच ठेवावे.

प्रतीक्षा बाबासाहेबांनाही चुकली नाही. शिष्यवृत्तीची मुदत संपल्याने १९१७ साली लंडनमधील अध्ययन अर्धवट सोडून त्यांना परतावे लागले. पुन्हा जाता आले ते १९२० मध्ये. मधल्या काळात त्यांनी सिडनहॅम महाविद्यालयात अध्यापन केले, साउथबरो समितीपुढे साक्ष दिली, 'मूकनायक' सुरू केले. १९२३ साली ते डी.एस्सी. झाले.

पालकांना आमची विनंती एवढीच, की मुलांना रोज 'काय झाले?' असे विचारू नये. अखेरच्या फेरीतही नाव आले नाही, तर पुन्हा परीक्षा किंवा दुसरा अभ्यासक्रम, याचा निर्णय मुलांसोबत बसून घ्यावा. शाळेचे दार त्यांना तेव्हाही उघडेच आहे.