काचेच्या डोळ्यांचा वाघ

कोल्हापूरला जायचं ते अंबाबाईच्या दर्शनाला, एवढंच आमच्या दुधनीच्या बायकांना माहीत. बचत गटाची सहल ठरली तेव्हा मीच हट्ट धरला, "दर्शन झालं की नवा राजवाडा पाहायचाच."

१८७७ ते १८८४ या काळात बांधलेला हा काळ्या दगडाचा वाडा. मेजर मांट यांनी त्याचा आराखडा केला. समोर घड्याळाचा मनोरा, आत राजर्षी शाहू महाराजांच्या वस्तूंचं संग्रहालय. दरबार हॉलच्या रंगीत काचांवर शिवचरित्रातले प्रसंग पाहून बायका हरखल्या. १९१७ साली प्राथमिक शिक्षण सक्तीचं आणि मोफत करणाऱ्या राजाचं हे घर, हे मी सांगितलं. तेव्हा आमच्यातल्या कधीच शाळेत न गेलेल्या अव्वांनी उंबऱ्याला हात लावून नमस्कार केला.

पुढच्या दालनात मात्र सगळ्या गप्प झाल्या. पेंढा भरलेले वाघ, बिबटे, अस्वल. भिंतीवर हरणांची शिंगं. त्या काळी राजेलोकांत शिकारीची हौस होतीच. कोल्हापुरात तर काळविटांच्या शिकारीसाठी चित्ते पाळत, त्यांना शिकवत. पुढे चित्ताच देशातून संपला. १९५२ साली सरकारने तसं जाहीर केलं. २०२२ साली नामिबियाहून आठ चित्ते आणून मध्य प्रदेशात कुनोला सोडावे लागले.

अव्वा वाघाच्या काचेच्या डोळ्यांकडे बघत उभ्या होत्या. हळूच म्हणाल्या, "बाई, आपली हरणंबी उद्या अशीच बघायची का?"

मला कळेना काय बोलावं. कारण मैत्रिणींनो, आमच्याकडे काळवीट म्हणजे कौतुक नव्हे, वैताग! कळप शिरला की कोवळ्या हरभऱ्याचा, तुरीचा फडशा. अव्वांचा मुलगा तर यंदा कुंपणाच्या तारेत वीज सोडायच्या गोष्टी करत होता. राजाने हौसेनं मारलं, आपण पोटासाठी मारणार. मरणाऱ्याला काय फरक? आणि त्या तारेला एखादं लेकरू चिकटलं तर?

परतताना गाडीत भजनं झाली नाहीत, हाच विषय चालला. "कायदा १९७२ चा आहे, काळवीट मारलं तर तुरुंग," मी म्हटलं. "अन् पीक गेलं त्याचं?" एकीने फटकन विचारलं. खरंच होतं तिचं. रानटी जनावरांनी पीक खाल्लं तर वन विभागाकडे अर्ज करून, पंचनामा होऊन भरपाई मिळते, हे गाडीतल्या निम्म्या जणींना ठाऊकच नव्हतं. मिळते ती रक्कम नुकसानीएवढी नसते, हेही मी लपवलं नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळीच अव्वा दारात हजर. हातात सातबारा.

"पोराला सांगितलं, तार नको म्हणून. ऐकलं त्यानं. आता तू अर्ज लिही."

चहा बाजूला ठेवून मी कागद पुढे ओढला.